बेल्ट सँडर घरी बनवताना: ड्रम, सरळपणा आणि गोव्याची दमट हवा

बेल्ट सँडर, म्हणजे दोन ड्रमवर फिरणाऱ्या सँडपेपरच्या पट्ट्याने लाकूड घासणारं मशीन, बनवायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोटर शोधायला निघतात. खरं तर मोटर हा या मशीनचा सर्वांत सोपा भाग. ती तयार मिळते आणि एक एचपीची कुठलीही बरी मोटर चालते. मशीन चांगलं होणार की नाही हे दोन ड्रम किती गोल आहेत आणि त्यांचे शाफ्ट एकमेकांना किती समांतर आहेत यावर ठरतं. त्यात गोव्याची हवा. एप्रिलमध्ये झकास चाललेलं लाकडी ड्रमचं मशीन जुलैत धडधडायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच चतुर्थीचं काम अंगावर येतं: चौरंग, मखर, माटोळीची चौकट. म्हणून हे मशीन पहिल्या दिवसापासून पावसाळा गृहीत धरूनच बनवायचं.

इथे वर्णन केलेलं मशीन १०० मिमी रुंद आणि १२२० मिमी लांब पट्ट्याचं आहे. ते एका जागी उभं राहतं आणि पट्टा वरच्या बाजूला आडवा धावतो. खुर्चीचे पाय, चौकटीच्या पट्ट्या, पाट, देव्हाऱ्याचे लहान भाग यावर छान होतात. टेबलाचा टॉप किंवा दाराची फळी हे याचं काम नव्हे. वेल्डिंग तुम्हाला येत नसेल तरी अडत नाही; खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा कुठलाही फॅब्रिकेटर ते करून देईल. लेथवरची दोन-तीन कामं मात्र चांगल्या टर्नरकडूनच करून घ्या. म्हापसा, मडगाव, फोंडा इथे किंवा कुंडई-वेर्णेच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशी वर्कशॉप्स सापडतात.

मापं आधी कागदावर

१०० × ९१५ मिमीचे पट्टे तयार मिळतात, पण त्यावर काम टेकवायला सपाट जागा फार थोडी उरते. १२२० मिमीचा पट्टा दुकानदाराला सांगितला की जोडून मिळतो, आणि पट्ट्याखालची आधार प्लेट चांगली ३६० मिमी लांब बसते. दोन ड्रमपैकी चालक ड्रम, म्हणजे मोटरने फिरणारा, १२५ मिमी व्यासाचा. मोकळा ड्रम ७५ मिमीचा. दोन्हींची रुंदी १०८ मिमी.

पट्ट्याची लांबी काढायचा हिशेब असा: केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांची बेरीज गुणिले १.५७. इथे व्यासांची बेरीज २००, म्हणजे ३१४ मिमी ड्रमवर गेले. उरले ९०६, त्याचं अर्धं ४५३. व्यास वेगवेगळे असल्यामुळे एखादा मिलिमीटर कमी होतो, म्हणून ४५२ धरा. पट्टे स्वतःच दोन-चार मिमी इकडेतिकडे असतात. ती तफावत ताणाची स्प्रिंग सांभाळते.

आता नवख्यांची हमखास होणारी चूक. दोन्ही शाफ्ट एकाच उंचीवर बसवले तर वरचा पट्टा उताराचा होतो, कारण एका ड्रमची त्रिज्या ६२.५ आणि दुसऱ्याची ३७.५ आहे. पट्टा आडवा सपाट हवा असेल तर मोकळ्या ड्रमचं केंद्र चालक ड्रमच्या केंद्रापेक्षा २५ मिमी वर हवं. हे फ्रेम वेल्ड व्हायच्या आधी कळलं तर एक रेघ सरकवायची असते, नंतर कळलं तर गॅस कटर आणावा लागतो.

वेग: १४४० आरपीएमची मोटर आणि दोन्हीकडे सारख्या १०० मिमीच्या पुली घेतल्या तर १२५ मिमीचा ड्रम पट्ट्याला सेकंदाला सुमारे ९.४ मीटर वेग देतो. लाकडासाठी हा चांगला, आटोक्यातला वेग आहे. मोटरवर ७५ मिमीची पुली लावली तर वेग ७ मीटरवर येतो. लहान, नाजूक वस्तूंना आणि शिकण्याच्या काळाला तो बरा. २८८० आरपीएमची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून याच पुलींवर लावू नका. वेग १९ मीटरच्या जवळ जातो, लाकूड जळतं आणि घरगुती ड्रमचा बारीकसा असमतोलही मोठा थरकाप होऊन बाहेर येतो.

सामान

- मोटर: १ एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम, पूर्ण बंद बॉडीची आणि पंख्याने थंड होणारी. उघड्या जाळीची मोटर भुशाने भरते.
- चालक शाफ्ट: २० मिमी ब्राइट बार, ३५० मिमी लांब.
- दोन पिलो ब्लॉक (बोल्टने बसणाऱ्या बैठकीसकट येणारं बेअरिंग), यूसीपी २०४.
- ए सेक्शनच्या दोन १०० मिमी पुली आणि व्ही-बेल्ट. बेल्टची लांबी मोटर जागेवर बसल्यावर मोजून घ्या.
- चालक ड्रमसाठी १८ मिमी मरिन प्लायच्या सहा चकत्या पडतील एवढी फळी; ६ मिमी जाड, ८० मिमी व्यासाच्या दोन लोखंडी चकत्या; एम ८ चे तीन लांब बोल्ट, सेल्फ-लॉकिंग नटसह.
- मोकळ्या ड्रमसाठी ६५ मिमी बोअरचा जीआय किंवा काळा पाइप, बाहेरचा व्यास ७६ मिमी. दोन ६२०२ बेअरिंग, दोन्ही बाजूंना रबर सील असलेली. १५ मिमी शाफ्ट.
- ४० × ४० × ३ मिमी चौकोनी पाइप सुमारे ६ मीटर. ३२ मिमी चौकोनी पाइप ३०० मिमी.
- दाबाची स्प्रिंग: ३ मिमी तार, बाहेरचा व्यास २५ मिमी, सुमारे १५ वेटोळी, मोकळी लांबी १०० मिमी.
- आधार प्लेट: ३६० × ११० × ६ मिमी लोखंडी पट्टी, आणि तेवढ्याच मापाची ग्रॅफाइट लावलेली कॅनव्हास पट्टी.
- डीओएल स्टार्टर, १६ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिमी तांब्याची तीन तारांची केबल.

ड्रम थेट मोटरच्या शाफ्टवर बसवून मशीन लवकर होतं, हे खरं. तरी इथे वेगळा शाफ्ट आणि पिलो ब्लॉक सुचवले आहेत. एक एचपीच्या मोटरचा शाफ्ट साधारण ४० मिमीच बाहेर असतो आणि त्यावर १०८ मिमी रुंद ड्रम लटकवणं मोटरच्या बेअरिंगला जड जातं. वेगळ्या शाफ्टमुळे मोटर खाली, भुशापासून लांब राहते. पुली बदलून वेग बदलता येतो. आणि मोटर जळली तर मिळेल ती दुसरी बसवता येते.

पायरी १: फ्रेम, आणि उघडी बाजू

कागदावर वरून दिसणारं चित्र काढा. पट्टा हा एक बंद वेढा आहे आणि तो बदलायचा तर समोरच्या बाजूने सरकवूनच काढावा लागतो. म्हणून मशीनचा एकही आधार समोरून वेढ्याला आडवा जाता कामा नये. दोन्ही पिलो ब्लॉक मागच्या बाजूला आणि ड्रम त्यांच्या पुढे लटकता. मोकळ्या ड्रमचा दांडाही मागूनच धरलेला. ड्रमच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग ठेवलेलं मशीन दिसायला भक्कम असतं, पण त्यात पट्टा घालताच येत नाही.

पायांची चौकट ८०० × ४०० मिमीची करा, उंची अशी की पट्ट्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ९०० मिमीवर येईल. फॅब्रिकेटरला आधी फक्त टाके मारायला सांगा. मग चौकटीचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले तरच पूर्ण वेल्ड. थंड होताना वेल्ड पाइपला ओढतो, त्यामुळे एका कोपऱ्याचं पूर्ण वेल्डिंग करून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे तिरकी फ्रेम हमखास. मोटर खालच्या आडव्या पाइपांवर लांबट भोकांत बसवा, म्हणजे व्ही-बेल्टचा ताण जुळवता येतो आणि वजन खाली राहिल्याने मशीन हलत नाही.

पिलो ब्लॉकच्या बैठकीला ८ मिमी जाड पट्टी घ्या. यूसीपी २०४ च्या बोल्टमधलं अंतर ९५ मिमी असतं, बोल्ट एम १०. भोकं गोल न पाडता १२ × २० मिमीची लांबट पाडा. शाफ्ट जुळवायला हीच जागा कामाला येते. दोन पिलो ब्लॉकमध्ये १३० मिमी अंतर ठेवा. त्याहून जवळ आले तर लटकता ड्रम थरथरतो.

रंग लावायचा तो आत्ताच, सगळं सुटं असताना. वेल्डवरची खपली चिपिंग हॅमरने काढा, ब्रश मारा, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमल. पाइपांची उघडी तोंडं वेल्ड करून किंवा प्लास्टिकची टोपणं ठोकून बंद करा. समुद्राकाठच्या गावांत पाइप आतूनच गंजतो आणि बाहेरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पायरी २: चालक ड्रम

प्लाय घेताना फळीवर आयएस ७१० छापलेलं बघा. मरिन प्लायचं मानक ते. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिलेलं नको. १२८ मिमी व्यासाच्या सहा चकत्या कापा, मधोमध २० मिमीचं भोक. जाड ग्रीस लावलेल्या २० मिमी सळीवर ओवून त्या इपॉक्सीने चिकटवा, प्रत्येक चकती आधीच्या चकतीपेक्षा थोडी फिरवून. सी-क्लॅम्प लावून २४ तास सोडा. पांढरा साधा फेविकॉल इथे चालणार नाही, दमटपणात तो मऊ पडतो.

दोन लोखंडी चकत्यांपैकी एक शाफ्टला वेल्ड होते, दुसरी सुटी राहते, आणि तीन एम ८ बोल्ट प्लायचा ड्रम दोन्हींमध्ये आवळून धरतात. लाकडात थेट चावी किंवा ग्रब स्क्रू टाकून शाफ्ट धरायचा प्रयत्न करू नका. आठवड्याभरात भोक मोठं होतं. वेल्ड केलेली चकती नंतर टर्नरकडून शाफ्टसकट लेथवर फेस (तोंड सपाट) करून घ्या, कारण वेल्डिंगने ती थोडी तरी तिरकी झालेलीच असते. शाफ्ट वाकला असेल तर तोही तिथेच डायल लावून कळेल.

ड्रम गोल करण्याची उत्तम जागा म्हणजे त्याचीच बेअरिंगं. ड्रम शाफ्टवर आवळा, शाफ्ट पिलो ब्लॉकमध्ये बसवा, मोटर जोडा. स्टार्टर आणि अर्थिंग याआधीच पूर्ण झालेलं हवं. एका सरळ जाड फळीवर ६० नंबरचा सँडपेपर चिकटवा, ती फळी मागच्या टोकाला बिजागरीवर ठेवा आणि पुढचं टोक एका लांब बोल्टने हळूहळू वर, ड्रमकडे सरकवा. हातात छिन्नी धरून हे करू नका. पकडलेली छिन्नी बोटं घेऊन जाते. पूर्ण घेरावर सारखा स्पर्श दिसेपर्यंत चालू ठेवा. रबर चढवण्याआधीचा शेवटचा व्यास १२२ मिमी, आणि दोन्ही कडांना कॅलिपरने मोजलेल्या व्यासात ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. हा ड्रम सपाटच ठेवायचा.

मग सगळ्या बाजूंनी, विशेषतः चकत्यांच्या टोकाला आणि बोल्टच्या भोकांत आतून, पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. प्लाय पाणी ओढतं ते टोकातून. इथे कंटाळा केला तर पावसाळ्यात ड्रम अंडाकृती होतो.

वर रबर. कारच्या टायरची जुनी ट्यूब घ्या. चपटी ठेवल्यावर तिची रुंदी १७५ ते १८५ मिमी असेल तर ती १२२ मिमीच्या ड्रमवर ताणून घट्ट बसते. १२० मिमी लांब तुकडा कापा, बुटांना लावतात तो कॉन्टॅक्ट गोंद ड्रमला लावून ओला असतानाच ट्यूब चढवा. वाळल्यावर कडा कापून टाका आणि पुन्हा एकदा त्याच फळीने हलकं घासून घ्या, कारण ट्यूबला साच्याची रेघ असते आणि ती प्रत्येक फेरीला टकटक करते.

व्ही-बेल्ट काढून ड्रम हाताने फिरवा आणि सोडा. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे. तिच्या बाजूच्या तोंडावर, कडेजवळ, १० मिमी ड्रिलने उथळ खड्डे पाडत जा आणि ड्रम कुठेही थांबायला लागला की खड्ड्यांना इपॉक्सी लावा.

पायरी ३: मोकळा ड्रम

हे पूर्ण लेथचं काम. १०८ मिमी लांब पाइप, दोन्ही टोकांना १२ मिमी जाड चकती वेल्ड केलेली, तीत ३५ मिमी बोअर, कारण ६२०२ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३५, आतला १५ आणि रुंदी ११ मिमी. टर्नरला सांगा की दोन्ही बोअर आणि बाहेरचा पृष्ठभाग एकाच सेटिंगमध्ये, निदान एकाच केंद्रावर, करायचा आहे. बेअरिंग हलक्या ठोक्याने बसलं पाहिजे.

बाहेरून ड्रम मध्ये फुगीर हवा: मधला व्यास ७५, दोन्ही कडांना ७४ मिमी, उतार हळूवार. ही फुगीरता पट्ट्याला मध्यावर धरून ठेवते, कारण धावता सपाट पट्टा नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो. जास्त फुगीर केला की पट्टा आणखी चांगला धरला जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दोन-तीन मिमीचा फरक ठेवला तर पट्टा फक्त मध्यावर ताणला जातो, कडा सैल फडफडतात आणि सांधा तुटतो.

पायरी ४: ताण आणि ट्रॅकिंग

४० मिमी चौकोनी पाइपचा २५० मिमी तुकडा हा मुख्य दांडा. तो पट्ट्याच्या वेढ्याच्या आत, रुंदीच्या मधोमध राहतो आणि मागच्या फ्रेमला ६० मिमीच्या दोन आडव्या तुकड्यांनी वेल्ड होतो. त्याच्या आत ३२ मिमीचा पाइप सरकतो. पाइपच्या आतली वेल्डची उभी शिवण कानसीने घासून काढा, नाहीतर आतला पाइप अडकत चालतो. उरलेला ढिलेपणा घालवायला बाहेरच्या पाइपला दोन एम ८ नट वेल्ड करा आणि बोल्टच्या टोकाखाली पितळेची पट्टी ठेवून आतला पाइप अलगद दाबा. सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. दांड्याच्या बंद टोकाशी स्प्रिंग. ती ३० मिमी दाबली गेली की साधारण १५ किलोचा रेटा देते आणि १०० मिमीच्या पट्ट्याला तेवढा पुरतो.

सरकत्या पाइपच्या पुढच्या टोकाला इंग्रजी यू आकाराची पकड, ८ मिमी पट्टीची. मोकळा ड्रम तिच्या दोन बाहूंमध्ये बसतो. ही पकड एका उभ्या एम १२ बोल्टवर डावी-उजवी फिरते. एका बाजूने एम ८ चा मुठीचा स्क्रू तिला ढकलतो, दुसऱ्या बाजूला लहान कडक स्प्रिंग तिला परत लोटते. ट्रॅकिंग, म्हणजे पट्टा मध्यावर ठेवण्याची जुळवणी, ती एवढीच. बाहूंची उंची ५० मिमीपेक्षा कमी ठेवा आणि शाफ्टचे नट ड्रमच्या घेराच्या आतच राहू द्या, नाहीतर पट्टा चढवताना अडतो.

आता सरळपणा. ट्रॅकिंगचा स्क्रू मध्यावर ठेवून एक लाकडी काठी दोन्ही शाफ्टच्या मध्ये अचूक बसेल अशी कापा. तीच काठी समोरच्या टोकाला आणि मागच्या टोकाला लावून बघा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग दोन्ही ड्रमवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवा, बुडबुडा दोन्हीकडे एकाच जागी हवा. फ्रेम स्वतः पातळीत नसली तरी चालेल. शेवटी दोन्ही ड्रमच्या मागच्या कडांना दोरा ताणून त्या एका रेषेत आणा. या कामाला निवांत एक दुपार द्या. बाकी कुठेही घाई केली तर निभावतं, इथे नाही.

पायरी ५: आधार प्लेट

बाजारातली लोखंडी पट्टी सपाट नसते. स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा मिळवा, त्यावर कार्बन पेपर उलटा ठेवून पट्टी घासा. उंचवट्यांवर डाग उमटतात. ते कानसीने उतरवत जा. ज्या कडेने पट्टा प्लेटवर चढतो ती कड ३ मिमी गोल करा. प्लेट चार बुडत्या डोक्याच्या एम ६ बोल्टांनी दांड्यावर बसवा आणि प्रत्येक बोल्टला खालून दोन नट ठेवा, म्हणजे उंची जुळवता येते. ग्रॅफाइटची पट्टी धरून पृष्ठभाग दोन्ही ड्रमच्या माथ्यांना टेकणाऱ्या रेषेपेक्षा १ ते १.५ मिमी वर हवा. कमी असेल तर काम ड्रमच्या कडेवर आपटतं, जास्त असेल तर पट्टा प्लेटच्या टोकांना झिजतो. प्लेटवर तेल किंवा मेण लावू नका; ते पट्ट्याच्या पाठीवरून ड्रमवर जातं आणि पट्टा घसरतो.

पट्टा वरच्या बाजूने चालक ड्रमकडे धावला पाहिजे, म्हणजे ताणलेली बाजू प्लेटवर येते. त्याच टोकाला कडक लाकडाचा आडवा अडसर बसवा, काम ज्यावर टेकून राहील. अडसर आणि पट्टा यांत २ मिमीपेक्षा जास्त फट नको. त्यात पातळ पट्टी आणि तिच्यामागोमाग बोट जातं.

वीज

स्टार्टर डीओएलच घ्या, साधं बटण नको. पावसाळ्यात वीज जाते आणि परत येते. साधं बटण चालूच राहिलं असेल तर तुम्ही ड्रमवर वाकलेले असताना मशीन आपोआप सुरू होतं. डीओएल स्टार्टरची कॉइल वीज गेली की सुटते आणि पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. ओव्हरलोड रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर ठेवा. व्होल्टेज खाली आलं की मोटर जास्त करंट ओढून तापते, तेव्हा हाच रिले तिला वाचवतो. मोटरची बॉडी आणि फ्रेम दोन्ही अर्थला जोडा, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या. दमट जमिनीवर अनवाणी उभं राहून मशीन चालवणाऱ्याला त्याशिवाय संरक्षण नाही. व्ही-बेल्टवर पत्र्याचं झाकण लावल्याशिवाय पहिलं बटण दाबू नका.

पहिला पट्टा

पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण धावण्याच्या दिशेने ठेवा. आधी हाताने दहा-बारा फेऱ्या फिरवा. पट्टा ज्या बाजूला सरकेल त्यानुसार मुठीचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि कुठे फिरवल्यावर पट्टा कुठे जातो याचा बाण रंगाने तिथेच काढून ठेवा. मग बटण दाबून लगेच बंद करा. पट्टा थांबेपर्यंत बघत राहा. असं चार-पाच वेळा करून तो मध्यावर स्थिर झाला की पूर्ण वेगाने पाच मिनिटं मोकळा चालवा. या वेळी पट्ट्याच्या रेषेत, समोर किंवा मागे, उभे राहू नका, बाजूला राहा.

पट्टे मागवताना रुंदी, लांबी, नंबर, ‘अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड’ आणि ‘एक्स वजनाचं कापड’ एवढं सांगा, आणि सांधा एकावर एक चढवलेला नको, टोकाला टोक लावून मागून टेप मारलेला हवा असंही सांगा. चढवलेला सांधा प्रत्येक फेरीला लाकडावर ठोका देतो. सुरुवातीला ६०, ८०, १२० आणि १८० नंबरचे दोन-दोन पुरेत. शिकायला ८० चांगला. सागवानात सिलिका असते, त्यावर पट्टे लवकर बोथट होतात. फणसाचा चीक पट्ट्याच्या कणांमध्ये भरतो. भरलेला पट्टा चालू असताना क्रेप रबराच्या जुन्या चपलेचा तळवा त्यावर हलका टेकवा, भुसा सुटून येतो.

भुसा

लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात धरलेला आहे, त्यामुळे नाकाला रुमाल बांधणं पुरेसं नाही. एन ९५ मास्क वापरा. चालक ड्रमच्या खाली, पट्टा वळतो तिथे, पत्र्याचं तोंड करून त्याला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि ओढणारा पंखा जोडा. बहुतेक भुसा तिथेच सुटतो. या मशीनवर लोखंड घासायचं असेल तर आधी पाइप, तोंड आणि पिशवी पूर्ण रिकामी करा. एक ठिणगी भुशात पडली तर ती तासभर आत धुमसते आणि रात्री पेट घेते. हातमोजे घालून काम करू नका, सैल बाही आणि गळ्यातली साखळी आवरा.

काय बिघडतं आणि का

पट्टा एका बाजूला पळत राहतो आणि स्क्रू पूर्ण फिरवूनही येत नाही: शाफ्ट समांतर नाहीत. ट्रॅकिंगचा स्क्रू बारीक जुळवणीसाठी आहे, वाकडी फ्रेम लपवायला नाही. काठी घेऊन पुन्हा मोजा. एकच पट्टा पळत असेल आणि बाकीचे नीट चालत असतील तर त्या पट्ट्याचा सांधा तिरका आहे, तो परत करा.

काम टेकवलं की पट्टा थांबतो आणि ड्रम आत फिरत राहतो: रबरावर भुसा बसला आहे किंवा स्प्रिंग अर्धीच दाबली गेली आहे. ओल्या फडक्याने रबर पुसा, वाळू द्या. व्ही-बेल्टच घसरत असेल तर जळक्या रबराचा वास येतो.

लाकडावर सारख्या अंतराने आडव्या लाटा येतात: ड्रम गोल नाही, किंवा मोकळ्या ड्रमचं बेअरिंग गेलं आहे. काळे डाग पडतात: पट्टा बोथट आहे आणि तुम्ही जोर लावत आहात. कामाची टोकं गोल होतात: ते पट्ट्यावर आधी एका टोकाने टेकतं आहे, दोन्ही हातांनी सपाट खाली आणा आणि सपाटच उचला.

पावसाळ्याची तयारी

सँडिंगचे पट्टे साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रतेत चांगले राहतात आणि इथे जुलैत ती ९० च्या आसपास जाते. दमट पट्टा सैल पडतो, कडा वळतात, सांध्याची टेप सुटते. पट्टे झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर पुन्हा निळं होईपर्यंत तापवा. पट्टा खिळ्याला टांगू नका, तिथे कायमची घडी पडते. १०० मिमी जाड पाइपच्या तुकड्यावर टांगा. काम झालं की मशीनवरचा पट्टा ताण सोडून काढून ठेवा. रात्रभर ताणावर राहिला तर त्याला ड्रमचा आकार येतो आणि सकाळी तो उड्या मारत चालतो.

पिलो ब्लॉकला पाऊस सुरू व्हायच्या आधी ग्रीस द्या, पंप दोन-तीनदाच दाबून. जास्त ग्रीस सील ढकलून बाहेर येतं आणि त्यावर भुसा चिकटतो. मशीन महिनाभर बंद राहिलं असेल तर सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोटर मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर उन्हात किंवा जवळ जळता बल्ब ठेवून एक-दोन दिवस वाळवा आणि पुन्हा तपासा. सप्टेंबर उलटला की ड्रमचा व्यास परत कॅलिपरने मोजा. दोन कडांतला फरक ०.३ मिमीच्या वर गेला असेल तर रबर काढून ड्रम पुन्हा घासा, इपॉक्सी द्या आणि नवी ट्यूब चढवा.